अर्धा सूर वर

त्यानं हेडफोन डाव्या कानावरून काढून उजव्यावर चढवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा डाव्यावर आणला. काही फरक पडणार नव्हता. एका कानात पुढचं गाणं, दुसऱ्यात हॉलमधलं चालू गाणं, आणि दोघांची पट्टी नि ठेका जुळला की एकातून दुसऱ्यात अलगद शिरायचं, हाच त्याचा इतक्या वर्षांचा डीजेचा धंदा. पण गेल्या काही महिन्यांपासून डावा कान प्रत्येक सूर अर्ध्या पायरीनं चढा ऐकत होता. बाजू बदलली तरी चूक फक्त घर बदलायची.

"बहिरेपण नाही हे," डॉक्टर म्हणाले होते. "पण सुधारेल असंही नाही. सवय करून घ्या."

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. वायरी सांभाळायचं सोंग करत ती टेबलाजवळ उभी होती.

"पडद्यावर बघ," ती म्हणाली. "कानाचं ऐकू नकोस."

लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक गाण्यासमोर त्याच्या पट्टीचा आकडा आणि ठेक्याचा वेग दिसे. आकडा तोच किंवा शेजारचा असला की गाणी एकमेकांत मिसळतात. आकडे बघून वाजवणाऱ्या पोरांची त्यानं आजवर यथेच्छ टिंगल केली होती. गाणी लावता की गणितं सोडवता रे, असं विचारायचा. आता त्याचीच बोटं मुकाट्यानं आकडे शोधत होती. आज भाचीच्या लग्नाची पार्टी होती आणि "माझ्या लग्नात मामाच वाजवणार" हे तिनं शाळेत असतानाच जाहीर करून टाकलं होतं. तिची ही संध्याकाळ तेवढी बिनबोभाट पार पडावी, एवढंच त्याला हवं होतं.

पहिली काही गाणी सुरळीत गेली. मग नवरा-नवरी मधोमध आली आणि भाचीनं लांबूनच हात हलवून तिच्या गाण्याची खूण केली.

आकडा तोच. वेगही तोच. पण हेडफोनमध्ये ते गाणं चालू गाण्याशी कडाकडा भांडत होतं. खोटं आहे हे, त्यानं स्वतःला बजावलं. तरी बोट गेलंच. वर्षानुवर्षांची खोड ती. त्यानं सूर अर्धी पायरी खाली ओढला.

आणि सगळं जुळलं. इतकं गोड त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्याच तंद्रीत त्यानं गाणं हॉलमध्ये सोडलं.

बायकोनं त्याचं मनगट धरलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. नवरदेवाचा पाय हवेतच थबकला होता. एक काकू कानांत बोटं घालून हसत होत्या. भाची मात्र त्याच्याकडे बघत होती आणि हसत नव्हती.

त्यानं झटकन सूर जागेवर आणला. पाय पुन्हा हलू लागले, टाळ्या पडल्या. फक्त त्याच्या डोक्यात परत भांडण सुरू झालं. हॉलला जे गोड, ते त्याला कडू. आणि याला काही इलाज नव्हता. त्याला लहान मुलासारखं रडावंसं वाटलं.

गाणं संपताच भाची धापा टाकत टेबलाशी आली.

"मामा, दचकवलंस की रे! मुद्दाम केलंस ना?"

"मग! तुझ्या नवऱ्याची परीक्षा घेत होतो."

"नापास झाला तो," ती खळखळून हसली. "बरं, आमची फर्माईश झाली. आता एक तुझ्या आवडीचं लाव. फक्त तुझ्यासाठी."

"माझं काय घेऊन बसलीस? पाहुण्यांचं बघ."

"ते काही नाही. लाव म्हणजे लाव."

त्यानं पडद्यावरची यादी वर सरकवली, खाली सरकवली. जिवापाड जपलेली गाणी होती त्यात. एकेकाचं नाव वाचलं की ते आता कसं वाजेल हे आधीच ऐकू यायचं, आणि बोट पुढं सरकायचं. बायको काहीतरी सुचवायला पुढं झाली आणि त्याचा चेहरा बघून पुन्हा वायरींकडे वळली.

शेवटी आकडा जुळणारं पहिलं जे सापडलं, ते त्यानं लावलं.

भाचीनं दोन ओळी ऐकल्या आणि भुवया उंचावल्या.

"हे? अरे, हे लागलं की तू खोलीतून उठून जायचास!"

"आता आवडतं," तो म्हणाला.