तळ्याकाठचा पिवळा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. दोरीवर कपडे वाळत घालताना लावतात, तसलाच. फक्त माझ्या अंगावर पिवळा रंग आहे, आणि उभ्या आयुष्यात मी एकही ओला कपडा धरलेला नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते इथपासून, की जपानमधल्या कुरे शहरातल्या देगुची नावाच्या न्हाव्याने बायकोच्या टोपलीतून आम्हा सहा चिमट्यांना उचललं, प्रत्येकाला वेगळा रंग दिला आणि टेकडीवरच्या तळ्याकाठी एका फळीवर ओळीने अडकवलं. त्याची बायको बरेच दिवस चिमटे शोधत होती म्हणे.

त्या तळ्यावर दर रविवारी लढाऊ जहाजं जमत. खाली गोदीत खरी जहाजं बांधणारी माणसं सुट्टीच्या दिवशी वर येऊन आपल्या हातांनी केलेली लहान जहाजं पाण्यात सोडत आणि काठावरून रेडिओच्या सेटवर ती चालवत. प्रत्येक सेटच्या रेडिओलहरीला एक रंग ठरलेला असे. एकाच रंगाचे दोन सेट एका वेळी सुरू झाले, की जहाजाला दोन धनी होतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही. सरळ दगडी काठावर जाऊन आपटतं. म्हणून नियम असा होता, की आपल्या रंगाचा चिमटा फळीवरून काढायचा, सेटच्या एरियलला लावायचा आणि मगच बटण दाबायचं. चिमटा नाही, तर बटण नाही.

हा नियम कानेमित्सु आजोबांनी केलेला. गोदीतून निवृत्त झालेले, थोडकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्याकडे एक करडी क्रूझर युद्धनौका होती, तिच्यावर त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. त्यांचा रंग पिवळा. ते सकाळी पहिले येत, मला एरियलला लावत आणि दिवस मावळेपर्यंत काढत नसत. इतर चिमटे हातोहात फिरत, गप्पा ऐकत. मी एकाच एरियलवर बसून असे. मानाची जागा होती, पण कंटाळवाणी.

मग चिझुरू आली. पंधरा वर्षांची मुलगी, रविवारीसुद्धा शाळेच्या गणवेशातच यायची. तिने एक विनाशिका बांधली होती. लाकडाच्या बारीक पट्ट्या सांगाड्यावर चिकटवून, घासून, वर कापड आणि राळ चढवून. सेट मामेभावाचा जुना, आणि त्याचा रंग पिवळा. बदलता न येणारा.

"आजोबा, पिवळा चिमटा मिळेल का?" तिने पहिल्या रविवारी विचारलं.

"हं," आजोबा म्हणाले आणि क्रूझर वळवू लागले. ते ‘हं’ म्हणजे हो की नाही, हे तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारायचा तिला धीर झाला नाही. थोरांच्या हातातली वस्तू मागायची नसते, असं तिथे सगळेच मानत. मग ती दर रविवारी विनाशिका मांडीवर घेऊन काठावर बसायची आणि संध्याकाळी तशीच घरी जायची.

एका रविवारी, उन्हं उतरली असताना, आजोबांनी स्वतः मला एरियलवरून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"किती दिवस मांडीवर खेळवणार? पोहता येतं का बघू तरी तिला."

चिझुरूने मला लावलं. विनाशिका पाण्यात उतरली, छान सरळ धावली. सगळे बघायला उठले. चिझुरूने वेग वाढवला आणि सुकाणू वळवलं. विनाशिका बाहेरच्या बाजूला कलली, आणखी कलली आणि आडवी झाली.

"विनाशिका म्हणाली होती ना ही?" देगुची म्हणाला. "ही तर पाणबुडी निघाली."

सगळे हसले. कानेमित्सु आजोबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले आणि ती बाहेर घेऊन आले.

"वर काय काय डाख देऊन बसवलंयस?"

"तोफा, शिड्या, दिवे. सगळं पितळेचं."

"आणि घरच्या टबात कधी तरंगवून बघितलंस?"

"हे लावायच्या आधी."

"मग टबात जे तरंगलं ते जहाज वेगळं, आणि हे वेगळं. वरचं पितळ काढ. तळाशी शिसं घाल. आणि परत टबात बघ."

चिझुरूने मान खाली घालून विनाशिका टॉवेलमध्ये गुंडाळली, सेट पिशवीत कोंबला आणि ती निघाली. मी एरियललाच राहिलो. मी फळीवर असेन असं आजोबांनी धरलं. मी आजोबांच्या खिशात असेन असं देगुचीने धरलं.

तो आठवडा मी सेटसकट चिझुरूच्या कपाटावर काढला. माझ्यावर तिची नजर गेली नाही, पण मला तिचं मेज दिसत होतं. तिने पितळेच्या तोफा एकेक करून उपटल्या. त्यांच्या जागी कागद घट्ट गुंडाळून नळ्या केल्या. गळाला लावतात ती शिशाची वजनं तळाशी बसवली. रोज संध्याकाळी न्हाणीघरातून तिच्या आईचा आवाज येई.

"आज आंघोळ करायची आहे, का बंदर रिकामं व्हायची वाट बघू?"

"पाचच मिनिटं, आई."

"काल पण पाचच होती. तुझे बाबा बाहेर टॉवेल गुंडाळून उभे आहेत."

रविवार उजाडला तेव्हा विनाशिकेचा रंग ओला होता, म्हणून चिझुरू तळ्यावर जाणार नव्हती. दुपारी तिने सेट पुसायला खाली काढला आणि मी तिला दिसलो. तिने मला आईला नेऊन दाखवलं.

"पुढच्या रविवारी दे की," आई म्हणाली. "एका चिमट्यावाचून काय अडतंय?"

"दुसरा लावला असेल त्यांनी."

"मग झालं तर."

"आणि नसला लावला तरी काय," चिझुरू म्हणाली. "मी बसले ना इतके रविवार. त्यांनाही एक दिवस बसू दे मांडीवर घेऊन."

चिझुरू जेवायला बसली. भाताचे दोन घास खाल्ले. मग जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, मला मुठीत घेतलं आणि सायकल काढली. चढावर तिला उतरून सायकल ढकलावी लागली. तिच्या मुठीत माझी स्प्रिंग कुरकुरत होती.

तळ्यावर क्रूझर पाण्यात होती, पण दोरीने काठाला बांधलेली. शेजारी कानेमित्सु आजोबा बंद सेट घेऊन उभे. बाकावर त्यांच्यासारख्याच तोंडवळ्याचे, त्यांच्याहून वयस्क एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या एका बाजूला काठी होती, दुसऱ्या बाजूला संत्र्यांची साल.

"बायकोकडून नवा चिमटा आणतो आणि पिवळा रंगवतो," देगुची सांगत होता. "आहे काय त्यात?"

"आणि ज्याच्याकडे खरा आहे त्याने झाडामागे सेट सुरू केला तर?" आजोबा म्हणाले.

"झाडामागे कुणी नाही हो. मी बघून आलो."

"दोनदा बघून आलाय बिचारा," बाकावरचे गृहस्थ म्हणाले.

चिझुरूला बघताच देगुचीने तिला बाजूला घेतलं. "हे त्यांचे थोरले बंधू, तोकुजी-सान. समोरच्या बेटावर संत्र्यांची बाग आहे. लढाईत ते खऱ्या क्रूझरवर होते, तळाशी, बॉयलरपाशी. जहाज चालताना हे कायम आत. बाहेरून ते चालताना कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. धाकट्याने ही बांधली ती त्यांना दाखवायला. आता संध्याकाळच्या बोटीने परत जाणार, आणि त्या गुडघ्यांनी पुन्हा ही टेकडी चढणं काही व्हायचं नाही. आणि चिमटा हरवलाय."

चिझुरूचा चेहरा उतरला. ती आजोबांसमोर गेली, कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. मूठ तेवढी पुढे केली.

"माझ्याकडे होता. चुकून घरी गेला. आणि सापडल्यावरही मी लगेच निघाले नाही."

आजोबांनी मला तिच्या मुठीतून सोडवलं.

"आलीस ना. सरळ उभी राहा. दोरी सोड तिची."

मी एरियलला लागलो. बटण दाबलं गेलं. क्रूझर काठापासून सुटली, तळ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि सावकाश वळली. पुढच्या टोकाला, नाळेपाशी, पाणी दुभंगत होतं आणि मागे लांबवर रेघ उमटत होती. तोकुजी-सान काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"अशी दिसायची होय," ते म्हणाले. "खाली आम्ही भाजून निघायचो. कान बधिर व्हायचे. आणि बाहेरून हे एवढं शांत?"

"एवढं शांत," धाकटा म्हणाला.

"परत फिरव. या बाजूने नीट दिसली नाही."

क्रूझर परत फिरली. मग पुन्हा. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा देगुचीने घड्याळाकडे पाहिलं, पण दोघा भावांपैकी कुणीच पाहिलं नाही.

"बोट गेली, दादा," जरा वेळाने धाकटा म्हणाला.

"जाऊ दे. संत्री काय, सकाळीही झाडावरच असतील."

मग आजोबा चिझुरूकडे वळले. "तुझी कुठाय?"

"रंग ओला आहे."

"पुढच्या रविवारी पहिली पाळी तुझी. दुपारपर्यंत हा चिमटा मला दिसता कामा नये."

त्या रविवारी मी सकाळीच तिच्या एरियलवर बसलो. तिने पूर्ण वेगात सुकाणू वळवलं. विनाशिका कलली, क्षणभर तशीच राहिली आणि सावरली. या वेळी पहिली टाळी देगुचीनेच वाजवली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आताचे सेट आपली लहर आपणच शोधून घेतात, त्यांना चिमटा लागत नाही. आमची फळी तळ्याकाठच्या खोपटात ठेवली आहे. तांबड्याची स्प्रिंग गेली, निळा कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. कधी मुलं येतात, ‘हे काय?’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत पाण्याकडे पळतात. त्यांचा काही दोष नाही.

पण मित्रांनो, तुम्ही थांबलाच आहात म्हणून सांगतो. जी वस्तू एकच आहे आणि सगळ्यांची आहे, ती आपलं काम झालं की जागेवर ठेवा. राहिली घरी, तर आठवताच निघा. पलीकडे कुणीतरी बटणावर बोट ठेवून थांबलेलं असतं, आणि ते कुणासाठी थांबलं आहे, हे आपल्याला घरी बसून कळत नाही.