क्रम कुणी बदलला?

"क्रम बदलायला तुला कुणी सांगितलं होतं?" पूंगोडी अक्का ओरडली. "सगळं एका फाइलीत आण म्हणाले होते मी. वरचं खाली कर म्हणाले होते?"

"मग पसारा कुणाचा होता?" मीही आवाज चढवला. "सेटिंगचं एकच स्ट्रक्चर पाच हेडर फायलींत! जो येतो तो आपल्या फाइलीत कॉपी मारतो, वर दोन गोष्टी घुसडतो, दुसऱ्याला सांगत नाही. मी झाडलं तर मीच वाईट?"

"झाडायला सांगितलं तर भिंत पाडलीस डा!"

आमचं दुकान कोइमतूरला, पीलमेडूत. बोअरच्या मोटरला लागणारं कार्ड बनवतो. पाणी संपलं की मोटरचा करंट पडतो, कार्डाला ते कळतं आणि ते मोटर बंद करतं. नाही केली तर मोटर कोरडी फिरून जळते. दहावीनंतर मी शाळा सोडली तेव्हा अक्कानंच मला सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. पण शिकवलं म्हणून काय रोज कान पिळायचे?

पाचही फायलींतली व्याख्या, म्हणजे सेटिंगमधला कुठला आकडा कुठल्या जागी ते, उचलून मी एक नवीन हेडर केलं. मोठे आकडे वर, बारीक खाली, म्हणजे मेमरी कमी लागते. कंपायलर कुरकुरला नाही. टेबलावरच्या कार्डावर घातलं, चाचणीच्या मोटरचा नळ बंद केला, मोटर झटक्यात थांबली. मग सकाळी आमचे मेकॅनिक थंगवेल अण्णा आनैमलैला निघाले तेव्हा मीच त्यांच्या हातात पेनड्राइव्ह दिला. तिथल्या नारळाच्या बागेत जुनं कार्ड आहे, त्यात नवा प्रोग्रॅम भरायचा होता.

"टेबलावरचं कार्ड कोरं होतं," अक्का आवाज जरा खाली आणून म्हणाली. "त्यात सेटिंग तुझ्याच नव्या क्रमानं बसलं. बागेतल्या कार्डात जुन्या क्रमानं भरलेलंय, प्रोग्रॅम बदलला तरी ते पुसत नाही. तुझा प्रोग्रॅम करंटच्या मर्यादेच्या जागी आता काय वाचणार?"

मी जुनी फाइल उघडली. बोट ठेवून मोजलं. त्या जागी होता मोटर सुरू करायचा उशीर. तीन सेकंद.

म्हणजे करंट तीन अँपिअरच्या खाली जाईपर्यंत कार्ड गप्प बसणार. कोरडी मोटरसुद्धा त्याहून जास्त घेते.

"हे कुठे लिहिलं होतं का?" मी टेबलावर हात आपटला. "की ह्याचा क्रम हलवू नका म्हणून? एक ओळ?"

अक्कानं जुनी फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. लिहिलं नव्हतं.

थंगवेल अण्णा फोन डिकीत टाकून गाडी चालवतात. रिंग जाऊन जाऊन बंद. बागेत फोन लावला, तर मालकाची बायको. "मोटर? चालू आहे ना! मेकॅनिक केव्हाच गेले. तुमचं नवीन कार्ड छान हं, एकदाही बंद पडलं नाही."

"बंद करा, अम्मा! आत्ता!"

"मोटरच्या खोलीला कुलूप लावून हे पोल्लाचीला गेलेत रे. किल्ली त्यांच्या खिशात. का, काय झालं?"

काय सांगणार? उन्हाळ्यात तिथल्या बोअरला दुपारनंतर पाणी नसतं. "त्यांना फोन करा, लगेच परत बोलवा, मी येतोय," एवढंच म्हणालो.

मग दोघंही न भांडता बसलो. क्रम जुना केला, ज्यानं त्यानं घुसडलेल्या गोष्टी शेवटी टाकल्या, हेडर एकच ठेवलं. तेवढं मी सोडलं नाही. अक्कानंही काढलं नाही. वर तिनं स्वतः ओळ लिहिली: इथं मधे काही घुसवू नका. माळ्यावरून एक जुनं कार्ड काढून आता ती त्यावर नळ बंद करून बघतेय. मला हात लावू देत नाही. नुसतं बसवत नाही, म्हणून हे लिहितोय. अण्णांचा फोन अजून लागत नाही. बागेतून परत फोन आलेला नाही.

थांबली! टेबलावरची मोटर थांबली. अक्का पेनड्राइव्ह आणि गाडीची किल्ली दोन्ही फेकतेय. "हेल्मेट घाल, माकडा!"

चला, मला निघायला हवं.