फोमला न चालणारं रोगण

नेलिदाचा नवरा दारियो तेलविहिरींवर कामाला गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. हुनिन गावातल्या घरात उरली ती आणि सासरे अनिबाल. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं शौकिनांना चिमेउइन नदीवर ट्राउट मासे पकडायला नेलं होतं, त्यांच्या गळांसाठी पिसांच्या खोट्या माश्या बांधल्या होत्या. आता डोळे गेल्यात जमा होते. माश्या नेलिदा बांधायची. शेवटच्या गाठीवर रोगणाचा थेंब ठेवायचा, एवढंच काम त्यांनी सोडलं नव्हतं. बोटाने गाठ चाचपून सुईने थेंब ठेवत; दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

बाईया ब्लांका शहरातून नेलिदाची बहीण मिर्ता तिला दर महिन्याला बोलवायची. शिवणाचं दुकान होतं तिचं, हाताखाली माणूस हवंच होतं. नोव्हेंबरात मासेमारीचा हंगाम उघडू दे, मग बघू, असं नेलिदा दर वर्षी सांगायची.

त्या ऑक्टोबरात नदीकाठच्या एका लॉजने गळाला लावायचे दोनशे खोटे भुंगे मागवले. अंग फोमचं, पंख पारदर्शक प्लॅस्टिकचे. नेलिदाने आधी उरल्यासुरल्या तुकड्यांवर सगळं लावून पाहिलं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने फोम घट्ट बसायचा, पण पंखांवर पांढुरका थर धरायचा. सासऱ्यांचं थिनरचं रोगण तर फोमच खायचं. पाण्याने पातळ होणारं नवं रोगण दोन्हींना चाललं, फक्त पक्कं वाळायला अख्खा दिवस घेत होतं.

तिने तसं सांगितल्यावर अनिबाल हसले. माशी पाण्यात टाकायची आणि तिला रोगण पाण्याचं लावायचं, मग वरून छत्रीही धर म्हणाले, आणि आपली बाटली पुढे ओढली. जेवणाच्या वेळेपर्यंत तीस भुंग्यांचा चिकट लगदा झाला. एक त्यांच्या बोटाला चिकटला, तेव्हा नेलिदाच्या तोंडून निघून गेलं, "अजून ओले आहेत बाबा, हात नका लावू."

ते झोपल्यावर तिने तीसही चुलीत टाकले, जुनी बाटली धुतली आणि नवं रोगण तीत भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई बुडवली आणि थांबले.

"पोरी, याला वास नाही."

"सर्दी झाली असेल तुम्हाला."

"डोळे गेलेत माझे. नाक नाही गेलं."

तरीही त्यांनी दहा भुंग्यांवर थेंब ठेवले, एकही न चुकता. मग सुई पुसून म्हणाले, "कालचे सगळे वाया गेले ना?"

"हो."

"माझ्यापायी अडकून पडलीयेस तू. जा, असं मी म्हणायला पाहिजे. रोज सकाळी ठरवतो, पण जीभ उचलत नाही."

नेलिदाच्या हातातला दोरा तसाच राहिला. "मग आज म्हणा," ती म्हणाली.

अनिबालनी पुढचा भुंगा चाचपडून घेतला. गाठ सापडायला या वेळी फार वेळ लागला. थेंब ठेवून त्यांनी तो वाळत लावला आणि त्याच्या पुढच्यासाठी हात पसरला. नेलिदाने तो त्यांच्या तळव्यावर ठेवला.

नोव्हेंबर लागायच्या आधी लॉजचा माणूस डबे न्यायला आला. भुंगे त्याला पसंत पडले. जानेवारीसाठी आणखी तीनशे जमतील का, त्याने नेलिदाला विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत आतून अनिबालचा आवाज आला, "जमतील की. दोघं आहोत ना आम्ही."

तो माणूस अजूनही तिच्याकडेच बघत होता. काळा फोम कमी पडेल, येताना घेऊन या, असं तिने त्याला सांगितलं.