कारवीच्या पिशव्या

सुगंधाबाईंच्या मरणाची तयारी कधीचीच झाली होती. नवरा गेला त्याच वर्षी त्यांनी एक कोरं लुगडं घेऊन ट्रंकेत ठेवलं, शेवटच्या प्रवासाचं म्हणून. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत कुणी दिवाळीचं नाव काढलं, की त्या आपल्या मालवणीत म्हणायच्या, "तवसर मी आसलंय तर!" मुलगा जयवंत चिडायचा, सून वसुधा हसून सोडून द्यायची. रोज मरे त्याला कोण रडे!

वसुधा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि प्रबंधासाठी जंगल पालथं घालायची. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात नॅशनल पार्कातल्या टेकड्या कारवीनं जांभळ्या झाल्या, तेव्हा तिनं काही झाडांना खुणा करून त्यांची पानं जपून ठेवली. पुढच्या मे महिन्यात त्यांची वाळलेली बोंडं आणून गॅलरीत पसरली. प्रत्येक झाडाची वेगळ्या कागदावर.

"कुडाच्या भिंतीक लावतत तीच ना ही कारवी?" सुगंधाबाईंनी विचारलं. "तिचा कसला गो शिक्षण?"

"आई, ही आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. हिच्याच कुळातलं एक रोपटं दर पावसाळ्यात उगवतं नि मरतं. बी धरताना आईच्या अंगातलं सगळं लेकरात उतरतं ना, त्यात कुठंतरी बारीकशी चूक होते. त्या रोपट्याचं आठदा उतरून होतं, तेव्हा हिचं एकदा. म्हणून ही सावकाश बदलते, असं माझे मार्गदर्शक विद्याधर सर म्हणतात. मला आई आणि लेकरं शेजारी ठेवून ते पडताळायचंय."

"म्हणजे सावकाश जगता, तेच्यो चुको कमी," सुगंधाबाई म्हणाल्या. हे शास्त्र त्यांना फारच पटलं.

दुसऱ्या दिवशी वसुधा कॉलेजला गेल्यावर त्यांनी गॅलरी झाडायला घेतली. धूळ उडू नये म्हणून, जन्माच्या सवयीनं, आधी पाण्याचा हबका मारला. कागद भिजले. थोड्या वेळानं बोंडं तडतड फुटायला लागली. पाणी लागलं की फुटायचं, एवढंच त्या बिचाऱ्यांना ठाऊक. पाऊस की सुगंधाबाई, ते कशाला बघतील? बी गॅलरीभर उडालं, तुळशीत पडलं, खालच्या शहांच्या पापडांवर गेलं. कुठलं बी कुठल्या झाडाचं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

वसुधा घरी आली तेव्हा सासूबाई ओंजळीत बी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "असू दे, आई," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"डोंगरावर जाऊन परत आण गो."

"खुणेच्या झाडांवर आता एक बोंड नाही. सगळी मीच खुडली. दुसऱ्यांची पानं मी घेतली नव्हती, आणि झाडं तर आता वाळून गेली."

"मग परत कधी?"

"ब्याण्णव साली."

सुगंधाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी ट्रंक उघडली. रुसून गावी मालवणला निघाल्या वाटतं, म्हणून वसुधा धावत आली. तर त्या जमिनीवर बसून ते कोरं लुगडं टराटरा फाडत होत्या. शेजारी सुईदोरा होता आणि दोन छोट्या पिशव्या शिवूनही झाल्या होत्या.

"आई! अहो, हे तर तुमचं..."

"गप ऱ्हव. एका झाडाचा बी एका पिशयेत. फुटला तरी भायर उडूचा नाय."

"पण सात वर्षं आहेत अजून!"

सुगंधाबाईंनी दातानं दोरा तोडला आणि तिसरी पिशवी हातात घेतली.

"आसूंदेत. तवसर मी मरूचंय नाय."