टोपलीखालचा उजेड

पौषातले ऊन नागपूरवर उतरत होते. मंदपदी, मधुवर्णी, सोललेल्या संत्र्यासारखे रसरशीत. गच्च्यांवरून, पत्र्यांवरून, वाळत घातलेल्या गोधड्यांवरून ओघळत ते जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत शिरत होते. आणि जिथे शिरत होते, तिथली पोपडे धरलेली भिंतही घटकाभर सुवर्णलिप्त होत होती.

त्या उन्हाच्या मागून उन्मेष खानझोडे चालला होता.

धरमपेठेतला हा चाळिशीचा गृहस्थ. रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरा अडकवावा आणि शहराच्या अनोळखी मोहल्ल्यांतून पायी हिंडावे, हा त्याचा छंद. ज्या गल्ल्यांत कुणी पाहुणा सहज जात नाही, तिथल्या खिडक्या, ओटे, सुरकुतलेले चेहरे तो टिपून आणी. मित्रमंडळी म्हणत, "आमचंच शहर तुम्ही आम्हाला दाखवलंत." ते शब्द आठवडाभर त्याच्या अंगावर अत्तरासारखे दरवळत.

आज तो विणकरांच्या वस्तीत आला होता. एके काळी इथे घराघरांतून हातमागांचा खटखटाट चाले. आता माग मुके होते, गल्ली मुकी होती. रिकाम्या ओट्यांवर ऊन बसले होते. ऊन, नुसते ऊन.

आणि एक दार उघडे होते.

आत निळी भिंत. मोरकंठी, मेघगर्भ, खोल खोल निळी. भिंतीशी धूळ पांघरून निजलेला माग. मागाच्या पायथ्याशी जमिनीवर एक बांबूची टोपली पालथी घातलेली, आणि तिच्या विणीतून उजेड पाझरत होता. थेंबाथेंबाने, कणाकणाने. निळ्या भिंतीच्या तळाशी त्या उजेडाची नक्षत्रे थरथरत होती.

उन्मेष उंबऱ्यात थबकला. असे चित्र जन्मात एकदा मिळते.

चटईवर एक म्हातारा बसला होता. शंकरराव बारापात्रे त्याचे नाव. उंबऱ्यात उभ्या माणसाकडे त्याने मान वळवली.

"या जी," तो म्हणाला. "कुठून आले?"

"धरमपेठेतून. चालत आलो."

"एवढ्या दुरून?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "पायी पायी आले जी तुम्ही?"

भोळी माणसे, उन्मेषला वाटले. कौतुकाने त्याचे मन सुखावले. चहा कुणी विचारला नाही, देवाच्या कोनाड्यात दिवा नव्हता, आतल्या खोलीत कुणीतरी दबल्या आवाजात नाक पुसत होते. हे सारे त्याच्या कानांवर, डोळ्यांवर येऊन गेले. आत उतरले नाही. आत उतरला तो फक्त उजेड.

"एक फोटो घेऊ?"

म्हातारा गोंधळला. मग पाहुण्याचा शब्द मोडवेना म्हणून म्हणाला, "घ्या."

एक घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या वेळी त्याला वाटले, टोपली किंचित कलती असती, तर ज्योतीची सोनेरी कड दिसली असती. तो वाकला. दोन बोटांनी त्याने टोपली उचलली.

दारातून वारा आला. ज्योत लवली, निळी झाली, आणि विझली.

धुराची एक बारीक रेघ वर चढत गेली. खाली जमिनीवर पसरलेले पांढरेशुभ्र पीठ. पिठावर पणती. पणतीचे तोंड दक्षिणेला.

उन्मेषला हे ठाऊक नव्हते असे नव्हे. आजोबा गेले तेव्हा त्याच्याही घरी असेच पीठ पसरले होते, असाच दिवा माणसाच्या शेवटच्या जागी ठेवला होता, आणि तो विझू नये म्हणून आई रात्रभर जागली होती. सारे ठाऊक होते. ठाऊक असून त्याला दिसले नव्हते. लज्जा त्याच्या पायांपासून वर चढू लागली. तप्त, संथ, कानशिलांपर्यंत.

आतून मुलगी धावत आली. "बाबा! दिवा!"

"राहू दे वं मंदे," शंकरराव हलकेच म्हणाले. "वारं आलं."

मंदा काडी ओढू लागली. पहिली मोडली. दुसरी विझली. म्हाताऱ्याने पुढे सरकून आपल्या दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. आयुष्यभर सूत हाताळलेले ते हात, कापरे, काष्ठवर्णी. तिसरी काडी धरली. ज्योत उभी राहिली, आणि म्हाताऱ्याच्या बोटांच्या फटी लाल झाल्या.

मग त्याने पाहुण्याकडे पाहिले. "माझ्या सुभद्रेला, मंदेच्या मायला, तुम्ही कुठून ओळखत होते जी?"

खोटे शब्द जवळच होते. मऊ, सोयीचे, कुणालाच न दुखवणारे. उन्मेषच्या ओठांशी ते आलेही.

"नाही ओळखत," तो म्हणाला. "मी... रस्त्यानं चाललो होतो. दार उघडं दिसलं."

मंदाची नजर प्रथमच त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली. ती काही बोलली असती तर बरे, असे त्याला वाटले. त्या नजरेखाली तो उभाच्या उभा लहान होत गेला.

चटईवर जागा करत म्हातारा म्हणाला, "मग बसा. उभ्यानं नाही सांगता येत."

तो बसला. कॅमेरा त्याने पाठीमागे सारला. शंकरराव बोलू लागले: ती याच जागी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत असे. धागा तुटला की हसत असे, दुसऱ्याचा असो की स्वतःचा. मंगळवारी गेली. शेवटी पाणी मागितलं, आणि प्यायली नाही. सांगताना त्यांचा आवाज कधी सुतासारखा ताणला जाई, कधी सैल पडे. आणि ऐकणारा मान खाली घालून ऐकत राही.

उठताना सवयीने त्याच्या जिभेवर "येतो" आले. अशा घरातून निघताना ते म्हणत नाहीत. त्याने ते गिळले. हात जोडले, आणि तो बाहेर पडला.

बाहेर ऊन उधळले होते. दारादारांत, झरोक्याझरोक्यांत, जुन्या निळ्या-हिरव्या भिंतींवर सोने सांडले होते, आणि दारे उघडी होती, सगळी दारे उघडी होती. तो कुठेही पाहत नव्हता. पावले न वाजवता, नजर जमिनीला लावून, निजलेल्या माणसाच्या उशाजवळून जावे तसा तो त्या गल्लीतून जात राहिला. हळू, हळू, आणखी हळू.