मिरचीच्या मिशांचा वाघ

आमच्या आईला रिकामं ऊन बघवत नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात मोठी गच्ची आमचीच, आणि एप्रिल म्हणजे चटणीचा, वर्षाचं तिखट करून ठेवायचा हंगाम. अशा दिवसांत गच्चीवर मिरच्यांऐवजी लेकीचे उद्योग वाळताहेत, हे तिच्या जिवाला लागलं होतं. शेवटी आमचा तह झाला. तालमीच्या फुटबॉल टीमचे टी-शर्ट ही माझी पहिली ऑर्डर. ते नीट छापून झाले तर गच्ची कायमची माझी. बिघडले तर गच्ची मिरच्यांची आणि मी बिद्रीला, आत्याने बघून ठेवलेल्या नोकरीवर. आत्याने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली असेल, तिचा काही नेम नाही.

स्क्रीन प्रिंटिंगला भांडवल लागतं म्हणतात. माझं भांडवल म्हणजे मोडक्या खिडकीची चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेली माझी जुनी ओढणी आणि शाई ओढायला फरशी पुसायच्या वायपरचं रबर. विकत आणलं ते फक्त शाई आणि ओढणीला लावायचं इमल्शन. ते अंधारात लावून वाळवायचं. मग वर चित्राचा कागद, त्यावर काच, आणि चौकट उन्हात. ऊन लागेल तिथं इमल्शन घट्ट बसतं. चित्राच्या काळ्या रेघांखाली सावली राहते, तिथलं पाण्यानं धुऊन जातं आणि तेवढ्याच जागेतून शाई उतरते. झेरॉक्सच्या कागदाला गोडंतेल चोळलं की त्यातून ऊन आरपार जातं, ही माझी अक्कल. तेल अर्थात आईच्या बरणीतलं.

शनिवारी दुपारी मी तालमीच्या चिन्हातल्या वाघाचं तोंड काचेखाली ठेवलं, तोच खालून हाक आली.

"क्रांते, टी-शर्ट आणल्यात, उतरून घे!"

हा सयाजीदादा, टीमचा मॅनेजर. त्याला हाक मारता येते, थांबता येत नाही. मी धावत खाली गेले, गठ्ठा घेतला, पिवळा रंग जरा भडक का यावरून त्याच्याशी भांडले आणि वर आले. आई काचेपाशी उकिडवी बसली होती. मांडीवर सूप, आणि स्वच्छ काचेवर ती एकेक संकेश्वरी मिरची मांडत होती.

"आई! काय करालीस गं?"

"काच रिकामी हाय की. चांगली तापलीया."

मी मिरच्या भिरकावल्या, चौकट उचलली, पाणी मारलं. वाघ सुरेख उमटला होता. मिरच्याही सुरेख उमटल्या होत्या. कडेच्या मिरच्यांवर चिकटपट्टी लावली, पण दोन मिरच्या नेमक्या वाघाच्या ओठावर, नाकाच्या इकडे एक आणि तिकडे एक. तिथं पट्टी लावावी तर वाघाचं तोंडच जाणार. इमल्शन संपलेलं, दुसऱ्या दिवशी मॅच. मला रडू आलं आणि आईचा भयंकर रागही आला. पण नाइलाज होता. मी छापत गेले आणि आई शर्ट दोरीवर घालत गेली.

सकाळी सयाजीदादानं शर्ट उजेडात धरला.

"ही काय गं?"

"मिशा," मी बेधडक ठोकून दिलं. "मुद्दाम काढल्यात."

"वाघाला मिशा असत्यात, मान्य हाय. पण ह्या मिशास्नी देठ हायत की!"

दुसरे शर्ट नव्हते म्हणून पोरांनी तेच घातले. मैदानावर समोरचे लोक "मिरची, मिरची" म्हणून ओरडायला लागले. आमच्या पेठेला असं डिवचून कुणाचं भलं झालंय? आमच्या पोरांनी छाती पुढं काढून विचारलं, "झोंबली का?" मग मॅच संपेपर्यंत तेच. आम्ही हरलो आणि वाजतगाजत घरी आलो.

पण हरलेल्या टीमचा मॅनेजर कुणावर तरी राग काढणारच. सोमवारी सकाळी जिन्यात त्याचा आवाज ऐकला आणि मी आईला मिरच्यांच्या पोत्यापाशी सोडून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं दडले. बिद्रीची एसटी मला डोळ्यांपुढं दिसत होती.

"काकू, वाघाला मिरच्या कुणी लावल्या?"

"मी लावल्या," आई म्हणाली. "तुझं काय म्हणणं हाय?"

शनिवारपासूनचा माझा सगळा राग तिथंच विरघळला. माझी आई माझ्यासाठी तालमीच्या मॅनेजरला अंगावर घेत होती.

"म्हणणं कसलं? पेठेतली पोरं माझ्या दारात येऊन बसल्यात. आणखी शर्ट पायजेत. पण मिशा हुबेहूब तशाच."

"तशाच कशाला? डावी जरा खाली गेलती."

आईनं पोत्यात हात घातला, दोन लांबसडक, बाकदार मिरच्या निवडल्या आणि उन्हाकडे धरून पाहिल्या. मग टाकीकडे न बघताच ओरडली,

"तिथं काय लपलीस? ऊन चाललं की वाया! काच आण तुझी, आणि दुसरी बी असली तर आण."