शिवाच्या घोड्याला पोर हवं

शिवाची खेळणी कुणी घेईना. पहिल्यांदा मला हसूच आलं होतं. आमच्या करी रोडच्या चाळीत फुकटच्या वस्तूला नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. इथे झबली, टमक्या, पांगुळगाडे या खोलीतून त्या खोलीत फिरतात. शिवाचा तो सावंतवाडीचा लाकडी घोडा आला तोच मुळी खालच्या गंगुबाईच्या नातवाकडून, एक कान गमावून.

शिवा म्हणजे माझ्या शेजारच्या कौसल्यावहिनीचा एकुलता एक. तिसरं सरून चौथं लागलं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शहर पेटलं होतं, त्या दिवसांत खाली रस्त्यावर गोळीबार झाला आणि एक गोळी वर आमच्या गॅलरीत आली. पोर घोडा ओढत होतं. बाकी त्याला काही ठाऊक नव्हतं.

वर्षभर खेळण्यांची ट्रंक पलंगाखाली पडून होती. मग एका दुपारी वहिनीने ती बाहेर ओढली. घोडा, टमकी, रंग उडालेला बैल, सगळं ओल्या फडक्याने पुसलं आणि मला म्हणाली, "कोणाच्या तरी पोराक देवया गे कांता. ट्रंकेत गप पडली आसत, ता माका सोसणा नाय."

पलीकडच्या जाईबाईने टमकी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि दुसऱ्या दिवशी वर झेंडूचं फूल ठेवून परत पाठवली. म्हणे, हुतात्म्याची वस्तू, आमच्या पोराचा पाय लागला तर पाप. दुसरीनेही तेच केलं, तिसरीनेही तेच. निम्म्यांची भक्ती होती, निम्म्यांची भीती. मेलेल्या पोराचं खेळणं आमच्या घरात नको, हे तोंडाने कोण बोलणार? मी तशी फटकळ. जिन्यात उभी राहून सगळ्यांना खडे बोल सुनावले. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या पोरांना मिसरूड फुटलेलं, नाहीतर मीच ठेवून घेतली असती.

मग आम्ही दोघी पिशवी घेऊन निघालो. परळच्या एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स म्हणाली, जुनं लाकूड इथे चालत नाही. दादरच्या एका अनाथाश्रमात चिंतामणी नावाचे मॅनेजर होते. त्यांनी खेळणी कोणाची म्हणून विचारलं, वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उत्तराची वाटही न बघता म्हणाले, "बाई, आमच्या मुलांच्या नशिबी आधीच काय कमी आहे?" मी तिथेच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वहिनीने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

प्रभादेवीच्या बालवाडीतल्या नलूताईंनी मात्र काहीच विचारलं नाही. त्यांनी पिशवी फरशीवर उलटी केली आणि मुलं तुटून पडली. दोन वेण्यांच्या एका चिमुरडीने घोड्याची दोरी पकडली आणि तो खोलीभर खडखडत पळवला. भिंतीवर आपटला, उलटा झाला, तरी ही ओढतेच आहे. वहिनी उंबऱ्याशी बसून बघत राहिली. येताना तिने आपणहून भजी मागितली. शिवा गेल्यापासून तिला भूक लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मेलं मलाच रडू आलं.

घरी जाऊन तिने ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. न सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? रामदासभावजी गिरणी सुटली की संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत जाऊन बसत. निवडणुकीचे दिवस होते. सभेत शिवाचं नाव घेतलं जाई तेव्हा ते मान ताठ ठेवून ऐकत. चाळीत मात्र कुणाशी बोलत नसत.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा बालवाडीत गेलो, तर आतून आवाजच नाही. भिंतीला नवी फळी ठोकलेली. तिच्यावर शिवाचा फोटो, हार, उदबत्ती, आणि पुढ्यात घोडा, बैल, टमकी, तिघांनाही कुंकू लावलेलं. मुलं रांगेत उभी होती. बाजूला भावजी, चपला काढून.

"अहो, ह्या काय केलात?" वहिनी म्हणाली.

"आपलो झील हुतात्मो आसा. त्येचो घोडो पोरांनी लाथाडूचो?"

"शिवा काय करी होतो? लाथाडीच होतो ना?"

भावजींचा आवाज फाटला. "मग लोकांका काय सांगू? घोडो ओढता ओढता उगीच मेलो? माका ता जमणा नाय, कौसल्या. कशासाठी तरी गेलो, इतक्या तरी म्हणू दे माका."

मी भांडायलाच पुढे झाले होते. रागवायचं तरी कुणावर? माणूस वर्षभर रडला नव्हता, तो परक्यांच्या पोरांसमोर हमसाहमशी रडत होता.

वहिनीने फळीवरून घोडा उचलला. पदराने कुंकू पुसलं, घोडा फरशीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी फतकल घालून बसली. "येवा रे, खेळा." कुणी हललं नाही. मुलं नलूताईंकडे बघत होती आणि नलूताई भावजींकडे. वहिनीने स्वतःच दोरी ओढून दाखवली. मग तिने त्या दोन वेण्यांच्या मुलीला हाक मारली. "ये गे बाये. तुझोच घोडो तो."

मुलगी रांगेतून पुढे आली. वहिनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. दोरी तिने मुलीपुढे धरली. मुलीने दोरी घेतली नाही. तिने हात जोडले, घोड्याला वाकून नमस्कार केला आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाली, "हुतात्मा शिवा!"

"अमर रहे!" मागून सगळी मुलं ओरडली.